अर्ध्या तासाचं कुलूप

पाचव्यांदा पासवर्ड चुकला आणि संगणकाने अर्ध्या तासाचं कुलूप घातलं. मारोतराव मेश्रामांनी कपाळावर हात मारून घेतला. जरा जोरातच मारला, नाहीतर खरा वाटला नसता.

“जिभेवर येऊन राहिला बाई, पण बाहेर पडत नाही.”

“कोई बात नहीं काका,” पायल म्हणाली. “आधा घंटा तो है. चाय मंगाती हूँ.”

सिलतऱ्याच्या या कारखान्यात पायल भट्टीचं नवं सॉफ्टवेअर टाकायला आली होती. टाकून झालंही होतं. आता जुन्यातल्या अकराशे नोंदी, म्हणजे कुठला पंखा कधी लावायचा, किती तापलं की भोंगा वाजवायचा, त्या तेवढ्या नव्यात ओढून घ्यायच्या होत्या. आणि त्यांच्यावर मारोतरावांचा पासवर्ड होता. तो मिळाला तर दहा मिनिटांचं काम. नाही मिळाला तर एकेक नोंद हाताने, दोन दिवस.

पासवर्ड मारोतरावांना चांगला ठाऊक होता. बायकोचं नाव आणि लग्नाचं साल. असलं काही विसरून कुठला नवरा सुखाने जगला आहे?

पण सकाळी साडेआठला फोन आला, तेव्हा ते बीरगांवच्या घरी कालच्या वरणाचा वास घेत उभे होते. रिटायर होऊन दीड वर्ष झालं होतं. सत्यभामाबाई आठ महिन्यांपासून पुण्याला, नातू सांभाळायला. दीड वर्षात कारखान्यातून एकही फोन नाही, आणि आता एक पोट्टी म्हणत होती, “काका, आपके बिना काम अटका है. आ सकते हैं क्या?” नंबर तिला कुठून मिळाला, हे त्यांनी विचारलं नाही. ऑफिसात असणारच. त्यांनी दाढी केली. पलंगाखालून सेफ्टी शूज ओढले, त्यातल्या झुरळाला घर खाली करायला लावलं, आणि निघाले.

दहा मिनिटांसाठी एवढी तयारी कोण करतं?

म्हणून पहिल्यांदा त्यांनी कारखान्याचं नाव टाकलं. मग मुलाचं, मग नातवाचं. पाचदा चुकलं की अर्धा तास कोणालाच आत शिरता येत नाही, ही सोय कधीकाळी त्यांनीच करून घेतली होती. आज ती अशी कामी आली. कुलूप लागलं की चहा यायचा. चहाबरोबर त्यांनी दोन नंबरच्या पंख्याच्या खोडी सांगितल्या. एकदा तीन दिवस घरी न जाता भट्टी कशी सावरली, तेही सांगितलं. पायलला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीतून.

“तुमचं घर कुठं आहे?”

“भिलाई. पर रहती लॉज में हूँ. हर हफ़्ते नया प्लांट, नया लॉज.”

“मग जेवता कोणासंग?”

“मोबाइल के साथ.”

मारोतराव हसले. मग त्यांना आपला टीव्ही आठवला आणि ते चहा पिऊ लागले.

धास्ती एकच होती. संगणक नवा, पडदा नवा, पण कीबोर्ड तोच जुना, आणि त्याच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवलेली. शेवटच्या दिवशी पासवर्ड लिहून त्यांनीच ती लावली होती, पुढच्या माणसाची अडचण नको म्हणून. मघाशी पायलने धूळ पुसायला फडकं उचललं, तसा त्यांनी कीबोर्डवर पंजा ठेवला. “राहू द्या, मी पुसतो.” तिने फडकं त्यांच्या हाती दिलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये पुण्याहून फोन आला. “जेवले का?”

“मागून कर. मी ड्यूटीवर आहो.”

“ड्यूटीवर? काहून, डोकं फिरलं का तुमचं?”

त्यांनी फोन बंद केला आणि आणखी एक पोळी मागितली.

चार वाजता मॅनेजर भार्गव साहेब दारात आले. मारोतरावांकडे त्यांनी पाहिलंही नाही. “पाच बजे भट्टी जलनी है, मैडम. नहीं हुआ तो आपकी कंपनी को आज ही लिखूँगा कि लड़की से काम नहीं होता.”

“हो जाएगा सर,” पायल म्हणाली. शांतपणे.

साहेब गेले. कुलूप उघडलं. मारोतराव पडद्याकडे बघत राहिले. आता पुन्हा पाचदा चुकलं तर ही पोरगी बोलणी खाणार. बरोबर टाकलं, तर सहाच्या आत आपण घरी. तिथे वरण होतंच.

त्यांनी एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. दार उघडलं.

“आठवला बा एकदाचा!”

“अच्छा हुआ काका,” ती म्हणाली. आनंदली, पण चकित काही झाली नाही. हिरवी पट्टी सरकू लागली. नव्वद. पंच्याण्णव. शंभर. झालं.

पायल सही घ्यायला साहेबांच्या केबिनकडे गेली. तेवढ्यात ती चिठ्ठी काढून टाकावी, म्हणून मारोतरावांनी घाईने कीबोर्ड उलटा केला. वर पासवर्ड होता. खाली त्यांच्याच अक्षरात त्यांचा फोन नंबर आणि एक ओळ. लिहिल्याचं ते पार विसरून गेले होते: ‘अडलं तर फोन करा. घरीच असतो. मेश्राम.’

त्याखाली निळी शाई नवी होती. मराठी लिहायची सवय नसलेलं, शाळकरी अक्षर.

‘अडलं नव्हतं काका. तरी केला. पायल.’