भुंग्याची दाद

"भुंग्याला सूर कळायचा," अल्बममधल्या कुत्र्यावर बोट ठेवत थोरली फणकारली. पन्नाशी उलटली तरी आवाजातला तिखटपणा गेला नव्हता. "मी तोंड उघडलं की अंगणात पळायचा. तू गायला लागलीस की मांडीला चिकटायचा. 'मुकं जनावरसुद्धा ऐकतं' म्हणत आत्या तुझी दृष्ट काढायची!"

त्या जळफळाटापायीच तिनं बाराव्या वर्षी गाणं सोडलं होतं.

धाकटी खुदकन हसली. "ताई, माझ्या फ्रॉकच्या खिशात गुळाचा खडा असायचा गं!"

"म्हणजे कुत्र्याला लाच? कशासाठी?"

"मग काय करणार?" धाकटीचं हसू मावळलं. "तू गायचीस तेव्हा बाबा डोळे मिटून पेटी वाजवायचे, समोरचा चहा निवला तरी हलायचे नाहीत. माझी पाळी आली की 'चालू दे' म्हणत चहा प्यायला आत जायचे. मलाही ऐकणारं कुणीतरी नको?"

थोरली बाबांचे ते मिटलेले डोळे आठवू लागली. काही केल्या आठवेनात. गाताना ती सारखी दाराबाहेर बघत असायची, भुंग्या परत येतोय का म्हणून.