मे महिन्याची सुट्टी

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण जपानातल्या प्रोफेसरनं आमच्या ऋजुताला असा काही नमस्कार केला, की विचारू नका!" तात्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. "तो वाकला म्हणून ही वाकली, ही वाकली म्हणून तो आणखी वाकला. तास संपला, वर्ग रिकामा झाला, झाडूवाला येऊन गेला, तरी दोघं आपली वाकलेलीच!"

ओसरीवर खेडेकरकाकू पदर तोंडाला लावून हसल्या. आत खाटेवर पडलेल्या ऋजुताला मात्र आजोबांच्या थापेचं ना हसू आलं, ना राग. तिथल्या कॉलेजात कॉमर्सच्या तिसऱ्या वर्षाला नोकरीच्या मुलाखती सुरू होतात, आणि झाडून सगळी मुलं एकसारखा काळा सूट घालतात. तिनंही घातला. एका सकाळी स्टेशनच्या काचेत, त्या काळ्या घोळक्यात, तिला स्वतःचा चेहराच सापडेना. तेव्हापासून आत काही हलत नव्हतं. कॉलेजातून नाव काढून ती घरी आली होती, पण घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग पोरगी परत कधी जाणार हो?" काकूंनी विचारलं.

"जून उजाडला की! मे महिन्याची सुट्टी नाही का कॉलेजला?"

ऋजुता उठून दारात आली.

"तात्या, पुरे. तिथं एप्रिलात वर्ष सुरू होतं, मेमध्ये एवढी सुट्टी कुठली? मी कॉलेज सोडून आलेय. आणि निघताना प्रोफेसरांनी नुसती मान हलवली. वाकले नाहीत ते."