निळी फीत

"दाबा की बाई, जोरात दाबा. लोण्याची नाहीये ती," डेल्बर्ट टिडवेल म्हणाला आणि कुंपणाला टेकलेल्या टोळक्याकडे बघून हसला. टोळकंही हसलं. घोड्यांच्या स्पर्धेत तपासनीस आली की तिची टर उडवायची, हा आमच्या टेनेसीतला जुना रिवाज. त्याला अक्कल लागत नाही, म्हणून डेल्बर्टला तो फार चांगला जमायचा.

आजच्या तपासनीस ओडमबाई. खाली वाकून त्यांनी डेल्बर्टच्या घोडीच्या, सॅटिनच्या, पुढच्या पायावर, खुराच्या जरा वर, दोन्ही अंगठे रुतवले. तिथे दुखत असेल तर घोडं पाय झटकतं, आणि पाय झटकला की स्पर्धेतून बाद. सॅटिन ढिम्म उभी राहिली.

दुखत तर होतंच. टोळक्यातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. आमच्याकडच्या या घोड्यांची मूळची चाल अशी, की स्वार हातात कॉफीचा कप घेऊन बसला तर थेंब सांडत नाही. मान डोलवत, लांब ढांगा टाकत, दिवसभर शेतावरून फिरवतात. जन्मतःच येते ती चाल, कुणी शिकवावी लागत नाही. पण डेल्बर्टच्या मते ती पोस्टमनची चाल. त्याला पुढचे पाय पार छातीपर्यंत उचलणारी घोडी हवी होती, कारण शिट्ट्या त्यालाच पडतात. मग पायाच्या कातडीला जळजळीत औषध चोळायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पाय टेकला की आग, म्हणून ती बिचारी उंच उचलायची. याला हा शहाणा स्वतःची कला म्हणायचा.

तपासणीत पाय झटकू नये, याची शिकवणीही तबेल्यातच व्हायची. दाबायचं काम त्याच्या मुलीचं, डार्सीचं. तिने अंगठे रुतवले, सॅटिनने पाय झटकला, की डेल्बर्टची काठी घोडीच्या तोंडावर. पुन्हा दाब, पुन्हा काठी. "तिला दुखतंय, डॅडी," डार्सी एकदा म्हणाली होती.

"दुखू दे की. दाखवायचं नाही, एवढंच शिकायचंय तिला," डेल्बर्टने सांगितलं होतं. पुढे डार्सीने तसं म्हणणं सोडलं आणि सॅटिनने हलणं.

ओडमबाई उठून उभ्या राहिल्या. "ही माझ्या अंगठ्याकडे बघतच नाहीये. तुझ्या हाताकडे बघतेय. लगाम दुसऱ्या कुणाला दे आणि तू जरा नजरेआड हो. मग बघते मी."

"का हो, माझं थोबाड आवडलं नाही? नियमात लिहिलंय का तसं?"

नियमात तसं नव्हतं. ओडमबाईंनी मुकाट्याने घोडी पुढे सोडली. मागे टोळकं खिदळत होतं. डार्सी ट्रकच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. डेल्बर्टला ते दिसलं नाही. त्याला तेव्हा फक्त पहिल्या नंबरची निळी फीत दिसत होती.

फीत त्यालाच मिळाली. फोटोसाठी त्याने ती डार्सीच्या सदऱ्याला टोचली, आणि फोटो निघतो न निघतो तोच पोरगी उलटी करून खाली बसली. डेल्बर्ट तिला तशीच घरी नेणार होता. बायकोने फोनवर फैलावर घेतलं, म्हणून दवाखान्यात घेऊन आला, आणि तिथेही घोडीच्याच गप्पा.

तरुण डॉक्टरने डार्सीला निजवलं आणि पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, बोटं दाबली. "इथे दुखतं?"

"नाही."

"आणि इथे?"

"नाही."

डॉक्टरने जरा जास्तच जोर दिला. डार्सी हलली नाही. "ताप आहे थोडा," तो म्हणाला. "मला अपेंडिक्सची शंका होती. ते फुटलं तर जिवावर बेततं. पण तसं असतं तर इथे दाबल्यावर ती कळवळली असती. घरी न्या, काही वाटलं तर परत आणा."

"मी म्हटलंच होतं. टिडवेलांची पोर आहे ती, नाटकं नाहीत," डेल्बर्ट म्हणाला. खुंटीवरची टोपी काढून तो तिला उठवायला वळला.

डार्सीच्या वरच्या ओठावर घाम होता. जबडा आवळलेला. ती डॉक्टरकडे बघत नव्हती. डेल्बर्टला वाटलं, आपल्या मागे काहीतरी आहे. त्याने वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. मग तिची नजर कुठे आहे ते त्याला कळलं. त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हातात टोपी होती, दुसरं काही नव्हतं.

त्याने टोपी परत खुंटीला अडकवली.

"डॉक्टर," तो म्हणाला, "परत एकदा दाबा. मी बाहेर जातो."