अर्धा इंच

उतारावरची माती इतकी भुसभुशीत, की गवंड्याने प्रत्येक पायरीखाली गुडघाभर खणून खडी ठासली होती. तरीही काँक्रीट घट्ट झाल्यावर नऊपैकी सहावी पायरी अर्धा इंच खचलीच, आणि बागेच्या मालकीणबाईंनी टेप लावून ती बरोब्बर पकडली.

"फोडा. पुन्हा करा."

"बाई, अर्ध्या इंचानं काय आभाळ कोसळतंय? कुणाला कळणार आहे?"

"पायाला कळतं."

गवंड्याने कपाळावर हात मारला. आधी बाईंनी साच्याच्या फळ्या दोनदा काढायला लावल्या, रोजचं पाणी समोर उभं राहून मारून घेतलं, आणि आता हे! मनातल्या मनात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने पायरी फोडली, आणखी हातभर खोल खणलं आणि नवी ओतली.

आठवड्याने बाई पुन्हा आल्या. या वेळी टेप नव्हती. डोळे गच्च मिटून, पुटपुटत मोजत त्या नऊच्या नऊ पायऱ्या उतरल्या, चढल्या, परत उतरल्या. एकदाही अडखळल्या नाहीत.

"झकास झाल्यात," त्या खालून म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, नजर फार तर वर्षभर टिकेल. तेवढ्यात पायऱ्या तोंडपाठ करून ठेवते."