भाताकडची बहीण

“आपल्यातलीच एक बहीण,” असं पाळकसाहेब म्हणाले, आणि दुसऱ्या बाकावर बसलेल्या स्नेहलनं मांडीवरची टोपली उगाचच सरळ केली. पाळकसाहेब म्हणजे तिचा नवरा, धैर्यशील. कापणीच्या सणाचा रविवार होता. वेदीपाशी भोपळे, नारळ, गुळाच्या ढेपा. खांबाखांबाला ऊस बांधलेला. पायरीशी कुणाचातरी कोंबडा, पाय बांधून बसवलेला. उपदेश संपला की बाकीच्यांनी आपापलं पीक पुढं नेऊन द्यायचं होतं.

दृष्टांत घरातूनच उचलायचा, ही धैर्यशीलची जुनी खोड. त्यांच्या घरात दूध उतू गेलं तरी रविवारी त्याचा उपदेश व्हायचा. थंडीत विरजण लागलं नाही, की कोमट विश्वास. पावसाळ्यात दार फुगून बसलं, की अरुंद दरवाजा. उन्हात कुरडया वाळल्या, की परीक्षा. मंडळी हसायची, स्नेहलही हसायची. पातेलं आपलं, करपवलंही आपणच. पण त्यातनं कुणाला देव सापडत असेल तर सापडू दे की, असं तिला मनापासून वाटायचं.

“ही बहीण भाताच्या मुलखातली,” धैर्यशील पुढं म्हणाला. “भाताच्या पोटात लोंबी धरली, की तिच्याकडं ‘भात पोटरीला आला’ म्हणतात. या पावसाळ्यात तिच्याही पोटात देवानं असंच एक दान ठेवलं होतं. चौथ्या महिन्यात ते गेलं.”

स्नेहलनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

“ती बहीण म्हणाली, भात पोटरीला आला म्हणून सगळ्यांनी कौतुकानं बघायचं, आणि आत दाणाच नाही. अशी पोचट लोंबी घेऊन मी देवापुढं कशी जाऊ?”

शब्द न् शब्द तिचा होता. फक्त ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं होतं. दवाखान्यातून आल्यावर स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ती हे एकट्या धैर्यशीलला बोलली होती. सासूला नाही, आईला नाही. आणि तो रडला होता, अगदी हमसून रडला होता. त्या रडण्यावर भरवसा ठेवून ती पुढचंही बोलून गेली होती, “मला त्या देवाचं तोंड बघू वाटंना.”

धैर्यशीलनं नाव झाकलं होतं, भात मात्र उघडा ठेवला होता. चर्चमधली सगळी माणसं शहरातली, नाहीतर उसाच्या पट्ट्यातली. शाहूवाडीची, भाताची अशी एकटी पाळकीणबाई. माना वळायला लागल्या. शेजारी अक्का बसल्या होत्या, मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कवा झालं गं हे? कुणाला तरी सांगायचं न्हाईस व्हय?”

सांगितलं तर होतं. जिथं सांगितलं होतं तिथूनच तर हे येत होतं. कुंपणच शेत खातं, हे तिनं आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं.

आता हा ते तोंड न बघण्याचंही बोलणार, या भीतीनं तिनं टोपलीचा काठ घट्ट धरला. पण तेवढं वाक्य त्यानं गाळलं. डोळे मिटले, आवाज खाली आणला. कॉलरला अडकवलेल्या माइकमुळं त्याचा श्वाससुद्धा मागच्या बाकापर्यंत पोचत होता.

“आणि मग त्या बहिणीनं हात जोडले. म्हणाली, प्रभू, तुझ्या मनासारखं होऊ दे. आमेन.”

“आमेन!” अख्खं चर्च म्हणालं. अक्का तर डोळे पुसत म्हणाल्या.

स्नेहलला आतापर्यंत लाज वाटत होती. ती लाज एकदम मागं पडली आणि संताप आला. त्यानं तिचं दुःख चव्हाट्यावर मांडलं, ते तिनं एक वेळ गिळलं असतं. पण जे ती कधी म्हणालीच नव्हती, ते आमेन त्यानं तिच्या तोंडी घातलं होतं. देवाशी तिचं भांडण अजून चालू होतं, रोज चालू होतं. आणि ह्यानं ते परस्पर मिटवून टाकलं होतं.

पेटीवर गाणं सुरू झालं. लोक आपापलं पीक घेऊन रांगेत उभे राहिले. स्नेहलही उठली. तिच्या टोपलीत नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी होती, तात्यांनी, तिच्या वडिलांनी, शाहूवाडीहून धाडलेली. चांगली दाण्यानं भरलेली, वाकलेली जुडी. वेदीपुढं धैर्यशील हसतमुखानं एकेकाचं दान हातात घेत होता. तिला बघून त्याचे डोळे भरून आले. उपदेश रंगला की घरी येऊन तो असाच तिच्याकडं बघायचा, कसं झालं म्हणून.

कडवं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. चारचौघांत त्याचा पाणउतारा नको, म्हणून ती अगदी जवळ गेली आणि त्याच्यापुरतं, हळूच म्हणाली,

“अहो, मी आमेन म्हटलं न्हवतं. तुमी तितंच हुतासा की.”

तिचं वाक्य मागच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून तिलाच ऐकू आलं. मोठ्यानं, स्वच्छ, शेवटच्या ‘की’सकट. पेटीवाल्याचे हात थांबले. अक्का जागेवरच उभ्या राहिल्या.

स्नेहलनं टोपली पुढं धरलेलीच होती. धैर्यशीलचा हात उठला. तो टोपलीकडं आला नाही. आधी कॉलरकडं गेला, आणि माइकचं बटण चाचपायला लागला.