राक्षसाची मांडी

“आजी, काठीच्या एका फटक्यात राक्षसाच्या मांडीचं हाड मोडत नसतं. त्यासाठी ट्रकची धडक लागते,” नात म्हणाली. डॉक्टरकी शिकते ना, म्हणून माझ्या गोष्टींतल्या मारामाऱ्यांचाही जोर मोजत बसते.

ऑपरेशनचं बोलावणं येईना. खाटेवर पडल्यापडल्या मी सारखी दाराकडे बघत चादरीचं टोक पिळत होते.

“मग माझी मांडी कशी मोडली गं? मी तर नुसती मोरीत घसरले.”

“तुझी हाडं म्हातारी झालीत.”

“राक्षस माझ्याच वयाचा होता.”

ती हसली. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. मी तिचा हात घट्ट धरला.

“आता खरं सांग. तो राक्षस परत चालेल का?”

तिने आकडेबिकडे काही काढले नाहीत.

“चालेल काय, पळत सुटेल,” ती म्हणाली.