अर्धा ठोका आधी

“बँडचं नाव काढलंस तर तुझं तू बघ,” तिने जिन्यात पुन्हा बजावलं. “ती गाणी लागली की बाबा उठून आतल्या खोलीत जातात. आधी होकार मिळू दे. लग्नानंतर काय घर डोक्यावर घ्यायचं ते घे.”

“बरं बाई,” भोंगा म्हणाला.

मित्रांनी त्याला हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. तो दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून तोंडाने ट्रॉम्बोन वाजवायचा. गाणी एकाच बँडची, ‘तिरपी टोपी’ची. हा स्का-पंकवाला बँड भोंगा रांगत होता तेव्हाच एक कॅसेट काढून मोडला होता. त्यांची गिटार ठोक्यावर पडायची नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडायची. मागून ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन धावत यायचे आणि ऐकणाऱ्याचे पाय त्याला न विचारता उड्या मारू लागायचे. हे ज्याला आवडत नाही त्याने गुडघे तपासून घ्यावेत, असं भोंग्याचं ठाम मत होतं.

दारापाशी त्याच्या शर्टाचं बटण हातात आलं.

“तुझ्या आईकडून टाका घालून घेऊ?”

“आई? तिने लग्न झाल्यावर दोन वर्षं शिवणाचा क्लास केला, अजून सुईत दोरा ओवता येत नाही. आजी जन्मभर ऐकवत होती तिला.”

बटण खिशात टाकून तो आत गेला.

तिचे बाबा रेडिओतून निवृत्त झालेले. उभं आयुष्य लोकांची भाषणं आणि गाणी रेकॉर्ड करण्यात गेलेलं. त्यामुळे समोरचा बोलत असताना ते डोळे मिटून ऐकायचे. काम, घर, आई-वडील, सगळं विचारून झालं. भोंग्याने सरळ उत्तरं दिली. तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, चहा आणला आणि त्या मुलीच्या शेजारी बसल्या.

“छंद वगैरे?” बाबांनी विचारलं.

मुलीने डोळे मोठे केले. भोंग्याने ते पाहिले. पण लबाडी करून जावई होणं त्याच्या स्वभावात बसेना.

“‘तिरपी टोपी’ ऐकतो, काका.”

बाबांनी डोळे उघडले. “त्यातलं कोणतं?”

“तिसरं गाणं.”

“त्यात चूक आहे.”

“चूक?” भोंगा खुर्चीच्या टोकावर आला. “ट्रॉम्बोन अर्धा ठोका आधी येतो, तीच ना? काका, ती चूक नाही, ते बंड आहे! सगळा बँड ठोक्याची वाट बघतोय आणि मामा म्हणतोय, मी नाही थांबणार!”

“कोण मामा?” काकूंनी विचारलं.

“ट्रॉम्बोनवाला, काकू. सगळ्यांचे ढगळ काळे कोट, तिरप्या टोप्या आणि खोट्या मिशा. हा त्यातला सगळ्यात बुटका. कॅसेट आल्यावर जो गायब झाला तो आजतागायत. पण तो सूर ऐकून मी नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. त्याच सुरावर हिला लग्नाचं विचारलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ही हो म्हणाली. हीसुद्धा अर्धा ठोका आधीच!”

मुलीने कपाळाला हात लावला. काकू कपातली साखर ढवळत राहिल्या. ती केव्हाच विरघळली होती.

“मी पुन्हा वाजवायला सांगितलं होतं,” बाबा शांतपणे म्हणाले. “आता दम नाही, असं उत्तर आलं.”

भोंग्याने बाबांकडे नीट पाहिलं. बेताची उंची, रुंद छाती. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो उभाच राहिला.

“काका! मामा तुम्हीच!”

बाबा त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसले, आणि चांगले खो खो हसले. “अरे, मला साधी शीळ घालता येत नाही. मी काचेच्या अलीकडे होतो, रेकॉर्डिंगच्या बटणांपाशी.”

“बाबा, आम्हाला कधीच सांगितलं नाहीत!” मुलगी म्हणाली.

“तुझ्या आजीसमोर काय सांगणार? आणि मिरवण्यासारखं होतं काय? उभ्या आयुष्यात माझ्या हातून तेवढी एक चूक तशीच बाहेर गेली. मला ती पुसायची होती, पण पुसू दिली नाही.” ते भोंग्याकडे वळले. “तू कानाचा माणूस आहेस. खरं सांग, पुसायला हवी होती की नाही?”

हा प्रश्न गाण्याचा राहिला नव्हता, हे भोंग्याला कळत होतं. मुलगी नजरेने विनवत होती, हो म्हण, एकदा हो म्हण. तो तिच्यासाठी लिफ्टच्या दोरीला लटकला असता. पण हे जमण्यासारखं नव्हतं.

“नाही, काका. तो सूर काढला तर त्या गाण्यात राम नाही. तुम्ही होकार द्या, नाहीतर दारातून परत पाठवा. ती चूक नाही म्हणजे नाही.”

बाबांनी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी चमचा बशीत ठेवला. “माझा होकार आहे,” त्या म्हणाल्या. “मुलगा खरं बोलतो. फक्त ते बंडबिंड काही नव्हतं हो.”

“मग काय होतं, काकू?”

“त्या दिवशीही मी घरी शिवणाचा क्लास सांगूनच निघाले होते. सातवा महिना, कोटाची बटणं लागेनात. मी श्वास भरला,” त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं, “आणि या बाईसाहेबांनी आतून लाथ मारली.”